भिंगरीतला शॉर्ट

त्या माणसाने मला तीनदा सांगितलं होतं. तिन्ही वेळा मी त्याचं ऐकलं नाही. हे आधीच लिहून टाकतो. पुढे मी बऱ्याच जणांवर चिडलो, अजूनही चिडलेलाच आहे, पण वाचणाऱ्याला असं वाटायला नको की मी बाजूला उभा राहून दुसऱ्यांच्या चुका मोजत होतो.

जालना जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी मी टेंभुर्णीहून जालन्याला आलो आणि एका गॅरेजात गाड्यांच्या वायरिंगचं काम शिकलो. पाच-सहा वर्षांनी औद्योगिक वसाहतीच्या रस्त्याला माझं स्वतःचं दुकान झालं. ट्रक, ट्रॅक्टर, प्रवासी भरून नेणाऱ्या वडापच्या जीपा. सेल्फ, डायनामो, बॅटरी. हॉर्न वाजत नाही इथपासून गाडी पेटता पेटता वाचली इथपर्यंत सगळं माझ्याकडे यायचं. हात चांगला होता. लोक तसं म्हणायचे आणि मला ते ऐकायला आवडायचं.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं तेव्हा आमच्याजवळच्या एका सळयांच्या मिलने मुंबईच्या बंदरावरून एक जुना लोडर आणला. आमच्याकडे तोवर तसलं मशीन कुणी पाहिलेलं नव्हतं. छोट्या टेम्पोएवढं, चार चाकं, पण चाकं वळतच नाहीत. एका बाजूची चाकं थांबवायची, दुसऱ्या बाजूची पळवायची, की ते जागच्या जागी गिरकी घेतं. मिलमधल्या लोकांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव भिंगरी ठेवलं. चालवणारा पिंजऱ्यासारख्या केबिनमध्ये बसतो. त्याच्या दोन्ही बाजूंनी दोन लोखंडी आर्म मागून पुढे येतात आणि त्यांच्या टोकाला बकेट असते. केबिनला बाजूचं दार नसतं. चढायचं समोरून आणि उतरायचंही समोरूनच, तेही बकेट जमिनीला टेकलेली असेल तर. समोरची वाट अडली तर मागे एक काच असते. ती बाहेर ढकलून निघायचं, एवढ्यासाठीच ती ठेवलेली असते.

भट्टीजवळ पडणारी लोखंडाची खपली आणि भंगार उचलायचं काम भिंगरीकडे होतं. ती चालवणारा माणूस घनसावंगीकडचा. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगाने वाळका, बोलायला कमी. मिलमधली पोरंसोरं आणि मोठी माणसंही त्याला मामाच म्हणायची. आधी साखर कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायचा. भिंगरी त्याने आठ दिवसांत हाताखाली घातली. ती त्याच्याशिवाय कुणाला धड चालवताही यायची नाही.

मार्च-एप्रिलच्या सुमाराला मिलमधून फोन आला की लोडर बंद पडतो, फ्यूज उडतो. मी सकाळी दहाला गेलो. मिलचा मॅनेजर स्वतः यार्डात आला. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, आवाज कायम वरच्या पट्टीत. मी फ्यूजबॉक्स उघडला. पंधरा अँपिअरचा फ्यूज उडालेला. नवा टाकला, मशीन सुरू झालं. मामाने आर्म वर केले, खाली केले. पुढे मागे घेतलं, गिरक्या मारल्या. अर्धा तास झाला, काही नाही. वायरिंग हाताने चाचपली, जोड बघितले. सगळं ठीक.

"बघा," मॅनेजर म्हणाला. "मशीन ठणठणीत आहे. बिघडलाय तो माणूस."

मग त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं. महिन्यापूर्वी मामाने मागणी केली होती की उन्हाळ्यात दुपारी भट्टीजवळ सलग चार तास मशीन चालवणं होत नाही, मधे अर्धा तास बसू द्या. मॅनेजरने नाही म्हटलं. आणि त्यानंतर दुपारीच मशीन बंद पडायला लागलं. "हा योगायोग आहे का मिस्त्री? फ्यूज उडवतो, सावलीत जाऊन बसतो."

मला ते पटलं. इतकं सोपं होतं की पटलंच.

निघताना मामा माझ्या स्कूटरजवळ आला. "मिस्त्री, तुमी दुपारून या ना. सकाळी काईच होत न्हाई तिला."

"सकाळी जे दिसत नाही ते दुपारी काय दिसणार?" मी म्हणालो आणि किक मारली.

हे पहिल्यांदा.

दहा दिवसांनी परत फोन. परत मी सकाळीच गेलो, कारण दुपारी दुकानावर गर्दी असते. या खेपेला मागच्या काचेच्या जागी गजांची जाळी वेल्डिंग केलेली दिसली. गरम खपली उडून काच फुटली होती म्हणे, तर मिलच्या फिटरने लोखंडी जाळीच ठोकून टाकली होती. मी त्या जाळीतून हात घालून सीटमागची वायरिंग तपासली. हात आत जात होता, खांदा जात नव्हता. जाळीबद्दल मी एक शब्द बोललो नाही. माझं काम वायरचं, जाळीचं नाही, असं काहीतरी डोक्यात असेल. खरं तर काहीच नसेल.

मामा शेजारी उभा होता. मॅनेजरच्या देखत त्याने हिंमत केली. "मिस्त्री, आर्म वर जाताना जात न्हाई फ्यूज. खाली येताना जातो. बकेट कमरेइतकी आली की गचकन बंद. मी दहा-बारा डाव बघितलं, बराबर तिथंच."

मॅनेजर म्हणाला, "याला कंबर बरोबर दिसते. काम दिसत नाही."

आणि मी हसलो. मोठ्याने नाही, पण हसलो. मामाने माझ्याकडे बघितलं, मग खाली बघितलं, आणि तिथून निघून गेला. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

तिसऱ्यांदा तो माझ्या दुकानावर आला. ड्यूटी संपल्यावर सायकल मारत. माझ्यासमोर एका ट्रकचं सगळं बोनेट उघडं होतं. तो उभाच राहिला, बस म्हटलं तरी बसला नाही.

"मला काढून टाकायचं बोलून राह्यले," तो म्हणाला. "मी फ्यूजला हात बी लावत न्हाई. मला त्यातलं कळतंय कुठं? तुमी एक डाव दुपारून या. बाजूला उभं राहा, मी चालवतो. तुमच्या डोळ्यानं बघा आन् मंग मला चोर म्हणा."

"बघू," मी म्हणालो. "उद्या-परवा बघू."

उद्या मी गेलो नाही. परवाही गेलो नाही.

चौथ्या की पाचव्या दिवशी भिंगरी पेटली.

मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. फोनवर मॅनेजर म्हणाला, जल्दी या, एक कागद लिहून पाहिजे. कागद? मी विचारलं माणूस कसा आहे. "सरकारी दवाखान्यात आहे. हात भाजलेत. जिवाला धोका नाही. तुम्ही या."

मशीन यार्डाच्या मधोमध उभं होतं. केबिनचा मागचा भाग काळा. सीटचा फोम वितळून खाली ओघळलेला. आर्म अर्धे वर, बकेट बरोबर कमरेच्या उंचीला, केबिनच्या तोंडासमोर. कुणी ते हलवलं नव्हतं, हलवता येतही नव्हतं. इंजिन बंद पडलं की त्या मशीनचे आर्म आहेत तिथे लॉक होतात.

मिलमधल्या दोघांनी मला सांगितलं काय झालं ते. दुपारचे तीन-साडेतीन. बकेट खाली येत होती, मशीन एकदम थांबलं आणि सीटखालून धूर निघाला. मग जाळ. समोर बकेट, मागे जाळी. मामाने आधी मागची जाळी दोन्ही हातांनी धरून हलवली, आणि जाळ त्या जाळीच्या बुडाशीच होता. जाळी कशाला हलते? मग तो पुढच्या फटीतून, बकेटच्या वरून, कसाबसा सरपटत बाहेर पडला.

मॅनेजर कार्यालयातून आला. त्याच्या हातात कोरा कागद होता. "मिस्त्री, तुमच्या दुकानाच्या शिक्क्यानिशी लिहून द्या. ऑपरेटरने फ्यूजमध्ये छेडछाड केली म्हणून शॉर्ट झाला. दोन ओळी पुरेत."

मी फ्यूजबॉक्स उघडला. आमच्या पंधरा अँपिअरच्या फ्यूजच्या जागी वेल्डिंग रॉडचा तुकडा होता. बोटाच्या पेराएवढा, वरचा मसाल्याचा लेप झाडून चकचकीत केलेला, घट्ट ठोकून बसवलेला.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांना सांगतो. फ्यूज असतो तो मरण्यासाठी. वायरमध्ये जास्त करंट आला की तो स्वतः जळतो आणि बाकी सगळं वाचवतो. त्याच्या जागी रॉड टाकला तर जळायचं काम वायरला करावं लागतं. सगळ्या वायरला. आणि ती वायर माणसाच्या पाठीमागून, तेलाने भिजलेल्या कचऱ्यातून गेलेली असते.

"हे बघा," मॅनेजर म्हणाला. "पुरावा समोर आहे. त्यानेच टाकलं."

"कालपर्यंत तर तो फ्यूज उडवत होता," मी म्हणालो. "मशीन बंद पडावं म्हणून. मग मशीन बंद पडू नये म्हणून रॉड कशाला टाकेल?"

मॅनेजरने हातातला कोरा कागद खाली केला. मला वाटतं त्या क्षणापर्यंत त्यालाही हे सुचलं नव्हतं. मलाही बोलता बोलताच सुचलं. आणि तिथे मला राग यायला सुरुवात झाली.

"शॉर्ट कुठं झालाय ते सापडल्याशिवाय मी कागदाला पेन लावणार नाही," मी म्हणालो.

"कशाला पाहिजे ते? मशीन तर जळालं."

"मला पाहिजे."

बॅटरीची वायर काढून टाकली आणि मी केबिनमध्ये शिरलो. बकेटच्या वरून, मामा जसा बाहेर आला होता तसाच, उलटा. आत बसल्यावर लक्षात आलं की गुडघे हलवायला जागा नाही. समोर बकेटची पाठ. मागे जाळी. मशीन थंड होतं, जाळ नव्हता, बाहेर दहा माणसं उभी होती, तरी आत बसवेना. बाहेर यायचा प्रयत्न करून बघितला. शर्ट बकेटच्या कडेला अडकून फाटला, कोपर खरचटलं. शांतपणे, एकेक पाय काढत मला जेवढा वेळ लागला तेवढ्या वेळात आत बसलेला माणूस जळून गेला असता. मामा वाळका होता म्हणून वाचला. माझ्या अंगाचा माणूस वाचला नसता.

मी परत आत गेलो आणि वायर शोधायला लागलो.

जळालेल्या वायरिंगमध्ये शॉर्ट शोधायचा कसा, असं लोक विचारतात. सगळंच काळं झालेलं असतं. पण वायर खोटं बोलत नाही. करंट जिथून निघाला तिथपासून जिथे तो लोखंडात घुसला तिथपर्यंतच वायर आतून जळते. त्याच्या पुढे करंट गेलाच नाही, म्हणून पुढची वायर शाबूत राहते. आजूबाजूच्या वायरी जळतात त्या बाहेरून, जाळाने. शॉर्ट झालेली वायर जळते ती आतून, तिचं तांबं निळं-काळं पडतं, कडक होतं, वाकवलं की तुटतं. ती एक वायर धरायची आणि बोटांनी चालत राहायचं. जिथं जळणं संपतं, तिथं शॉर्ट.

मला ती वायर सापडली. फ्यूजबॉक्सपासून सीटच्या मागे. मी मनाशी म्हणत होतो, इथेच कुठेतरी असेल, केबिनमध्येच. तसं असतं तर मॅनेजरचं म्हणणं निदान अर्धं तरी उभं राहिलं असतं. पण वायर केबिनमध्ये थांबली नाही. ती खालच्या भोकातून बाहेर पडली, डाव्या बाजूने वर गेली, आणि डावा आर्म जिथे मशीनला जोडलेला असतो त्या खांद्यापाशी पोचली. तिथून ती आर्मवरून पुढच्या लाइटकडे जाते; इंजिनही त्याच फ्यूजवर चालतं. खांद्याच्या वीतभर पुढे वायरचं आवरण एकदम लाल-पांढरं होतं. नव्यासारखं. बोट लावलं तर मऊ.

आणि त्या वीतभरात आर्मवर एक पट्टी वेल्डिंग केलेली होती. आर्मला कधीतरी चीर गेली होती, तिच्यावर ठिगळ. ठिगळाची कड घासलेली नव्हती, करवतीसारखी होती. वायरचा जुडगा आर्मला धरून ठेवणारी क्लिप वेल्डिंग करताना काढली होती, ती परत लावलीच नव्हती. ठिगळाच्या कडेवर तांब्याचा एक बारीक थेंब चिकटला होता. मोहरीएवढा. मी नखाने खरवडला, निघाला नाही. लोखंडात रुतून बसला होता.

मी खाली उतरलो. दुपारचे बारा झाले होते.

"सापडलं?" मॅनेजर म्हणाला.

"सापडलं. पण तुम्हाला दाखवायचंय. दोन वाजता दाखवतो."

"आता का नाही?"

"कारण मामा म्हणाला होता दुपारी."

मी दुकानातून नवी वायर आणि एक बल्ब आणला, ट्रकच्या इंडिकेटरचा. नवी वायर जुन्या वाटेने घातली, क्लिपशिवाय, जशी होती तशीच, आणि ठिगळाशी तिचं आवरण ब्लेडने थोडं सोललं, कारण जुनीही तिथे घासून उघडी पडली होती. बॅटरी परत जोडली, पण फ्यूजच्या जागी फ्यूज लावला नाही, बल्ब लावला. असा बल्ब लावला की शॉर्ट झाल्यावर काही जळत नाही, फक्त बल्ब पेटतो. मग मिलच्या फिटरला सांगितलं की आर्मचं लॉक मोकळं कर आणि चेन पुलीने आर्म उचल, पूर्ण वर.

मशीन उन्हात उभं होतं. बाजूला भट्टी. दोन वाजेपर्यंत आर्मला हात लावता येईना. वायरचं आवरण गरम होऊन ढिलं पडलं, जुडगा थोडा लोंबला. सकाळी थंड असताना तो ताठ असतो, कडेपासून बोटभर लांब. म्हणून सकाळी दहाला मला कधी काही दिसलं नव्हतं. दोन वेळा मी आलो आणि दोन्ही वेळा मशीनला काही झालंच नाही असं सर्टिफिकेट देऊन गेलो.

यार्डात वीस-पंचवीस माणसं जमली. फिटर चेन सोडायला लागला. आर्म खाली येत होते. बल्ब बंद. आणखी खाली. बल्ब बंद. मॅनेजर घड्याळ बघत होता. बकेट छातीपर्यंत आली. बंद. कमरेपर्यंत आली आणि बल्ब लख्ख पेटला.

मी फिटरला म्हटलं, वर घे. विझला. खाली घे. पेटला. तीनदा केलं. तिसऱ्यांदा मागून कुणीतरी म्हणालं, "मामा बराबर सांगत व्हता की."

मी मॅनेजरकडे वळलो. माझा आवाज माझ्या ताब्यात नव्हता. "हे ठिगळ कुणी मारलं? क्लिप कुणी काढली? रॉड कुणी ठोकला? मागची वाट कुणी बंद केली? यातलं काय त्या माणसाने केलं, ते एक दाखवा मला. एक!"

"ओरडू नका मिस्त्री."

फिटर चेन हातात धरून उभा होता. तरुणच होता, बायको-पोरांचा. तो म्हणाला, "ठिगळ मी मारलं. जाळी बी मीच लावली. रॉड बी मीच टाकला. साहेब म्हणले, मशीन थांबली न्हाई पायजे, काई बी कर."

"मी थांबायला नको म्हटलं," मॅनेजर म्हणाला. "रॉड टाक म्हटलं का? सांग सगळ्यांसमोर, रॉड हा शब्द मी बोललो का?"

"न्हाई," फिटर म्हणाला. "रॉड न्हाई म्हणले."

आणि मॅनेजरने माझ्याकडे असं बघितलं की जणू खटला निकालात निघाला. त्या बघण्याचा मला जेवढा राग आला तेवढा आयुष्यात क्वचित आला असेल. माझ्या हातात पकड होती. ती मी जमिनीवर आपटली. माणसाला मारली नाही, एवढंच माझं शहाणपण.

मॅनेजरच्याच कोऱ्या कागदावर मी लिहिलं. खाली कार्बन घालून. वायर कुठे घासली, का घासली, फ्यूजच्या जागी काय होतं, मागची वाट कशी बंद होती, आणि ऑपरेटरने बिघाडाची जागा व वेळ आधीच बरोबर सांगितली होती. शेवटचं वाक्य लिहिताना थांबलो. मग लिहिलं की ती त्याने मला सांगितली होती आणि मी लक्ष दिलं नाही. सही केली. वरचा कागद मॅनेजरने वाचला, घडी केली, खिशात घातला आणि म्हणाला, "असला कागद आम्हाला नकोय." खालचा माझ्याकडे राहिला.

संध्याकाळच्या भेटीच्या वेळेला मी दवाखान्यात गेलो. मामा खाटेवर बसलेला होता, दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत. शेजारी त्याची बायको, गावाकडून आलेली, त्याला चमच्याने चहा पाजत होती. मला बघून ती उठायला लागली, मी बसा वहिनी म्हटलं.

मी काही बोलायच्या आधी त्यानेच विचारलं, "मंग? कुठं व्हता शॉर्ट?"

"डाव्या खांद्याला. ठिगळाच्या कडेला."

"कमरेइतकी आली की?"

"हो. कमरेइतकी आली की."

त्याने मान हलवली. मला वाटलं आता तो म्हणेल, बघा मी सांगितलं होतं. ते मी ऐकून घ्यायला तयार होतो, तेवढ्यासाठीच आलो होतो. पण तो म्हणाला, "तुमी हसला व्हता त्या दिवशी."

"हो."

"मॅनेजर बोलला त्याचं मला काई न्हाई. तो बोलणारच. तुमाला तर त्यातलं कळत व्हतं ना? तुमी कशाला हसला?"

त्याची बायको चहाचा कप हातात धरून माझ्याकडे बघत होती. मी कागद काढून तिच्या हातात दिला आणि म्हणालो, हा जपून ठेवा. तिने तो वाचता येत नसतानाही उलगडून सगळा बघितला, वरून खालपर्यंत, आणि पिशवीत ठेवला.

दोन दिवसांनी मी मिलच्या मालकांकडे गेलो. वयस्कर शेठजी, घराणं मूळचं राजस्थानातलं, पण त्यांच्या आजोबांपासून जालन्यातलं; मराठी माझ्याइतकीच साफ. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाच बोलले. "खिडकीला जाळी कधीपासून आहे?"

"महिना झाला असेल."

"आणि मी रोज तिथून जातो," ते स्वतःशीच म्हणाले.

त्यांनी मामाला खाजगी दवाखान्यात हलवलं, बरा होईपर्यंतचं सगळं बघितलं. जाळी कापून काढली, नवी काच बसवली. मामाला काढायची गोष्ट परत निघाली नाही. हे सगळं त्यांनी केलं, आणि केलं ते मनापासून केलं, हे मी नाकारत नाही. पण मॅनेजरला त्यांनी ठेवला. मी विचारलं तर म्हणाले, "वीस वर्षांचा माणूस आहे मिस्त्री. चूक झाली त्याच्याकडून. तुम्ही डोकं गरम करून घेऊ नका."

मिलचं काम मला त्यानंतर मिळालं नाही. त्याचा मला राग नाही. राग याचा आहे की फिटरला मात्र महिन्याभरात काढलं. ज्याने सगळ्यांसमोर खरं सांगितलं, तो गेला. ज्याने रॉड हा शब्द उच्चारला नाही, तो राहिला.

मामाच्या हातांची बोटं पूर्ण मिटेनात. त्याला गेटवर बसवलं, नोंद करायला. पेन धरायला त्रास व्हायचा. पावसाळा संपायच्या आत तो गावाकडे निघून गेला. भावांच्या वाट्यातला थोडा ऊस होता. मी दोन-तीनदा गेलो त्याच्याकडे, एकदा विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर बसवून दिला. तो शेजारी उभा राहून सारखा सूचना करत होता, ही वायर अशी नको, तिकडून घ्या, इथं उंदीर येतात. मी त्याने सांगितलं तसंच केलं. बरोबर होतं की नाही हे तपासलंही नाही. आमचं बोलणं चांगलं व्हायचं, पण मला माफ केलं असं तो कधी म्हणाला नाही, आणि मीही विचारलं नाही.

काही वर्षांनी एका लग्नात मॅनेजर भेटला. रिटायर झाला होता, केस पांढरे, आवाज तोच. पंगतीत माझ्या शेजारी येऊन बसला. पाठीवर थाप मारून म्हणाला, "काय मिस्त्री, ओळखलं का? तुम्ही त्या वेळी उगाच एवढे तापला होतात. शेवटी झालं ना सगळं ठीक?"

ताटात वरण-भात वाढून झाला होता. मी त्याला विचारलं, "त्याचे हात बघितलेत का तुम्ही नंतर?"

"कुणाचे?"

मी उठलो. यजमान धावत आले, काय झालं, काय राहिलं. "काही नाही," मी म्हणालो. मांडवाबाहेर येऊन चपला शोधल्या, स्कूटर सुरू केली आणि जेवण न करता घरी आलो.